वृद्ध रुग्ण आणि थकलेल्या परिचारिका

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाला लोक अद्याप इर्विन म्हणतात आणि स्त्री रुग्णालयाला डफरीन. अकोल्याचे स्त्री रुग्णालय लेडी हार्डिंग याच नावाने ओळखले जाते. व्हाइसरॉय गेले, त्यांच्या पत्नी गेल्या, ते राज्यही गेले. परंतु त्यांची नावे वऱ्हाडातील ऑटोवाल्यांच्या तोंडी राहिली. या इमारतींमध्ये अहोरात्र राबणाऱ्या स्त्रियांना मात्र नाव नसते. खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्या रुग्णाला ती नुसती 'बाई' असते, त्याच्या मुलाला 'सिस्टर' असते आणि शासनाच्या दप्तरी ती अधिपरिचारिकेचे एक पद असते, भरलेले अथवा रिक्त. दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जयंतीला, तिच्या हाती मेणबत्ती आणि गुलाबाचे फूल दिले जाते, सेवाभावावर भाषणे होतात, छायाचित्रे काढली जातात. त्याच रात्री आठ वाजता ती कक्षात पाऊल टाकते तेव्हा तीस खाटांवर प्रत्यक्षात किती रुग्ण आहेत, त्यांतील किती जण स्वतःच्या हाताने पाणी पिऊ शकतात आणि तिच्या जोडीला रात्रभर कोण आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे सकाळच्या भाषणांत आलेली नसतात. परिचारिकांच्या मनावरील ताणाचा विचार करावयाचा असेल तर त्याचा आरंभ या तीन प्रश्नांपासूनच करावा लागेल.

वृद्धांचा प्रश्न हा युरोप-जपानचा प्रश्न आहे, आपल्याकडे कुटुंबसंस्था शाबूत आहे, अशी समजूत सुशिक्षितांमध्येही अद्याप आढळते. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. त्या वेळी अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाख ८८ हजार आणि अकोला जिल्ह्याची १८ लाख १३ हजार होती. राज्याचेच प्रमाण या दोन जिल्ह्यांना लावले तरी साडेचार लाखांहून अधिक वृद्ध तेव्हाच येथे होते, आणि त्यानंतरच्या काळात हा आकडा खाली आला असण्याचे कारण नाही. दरम्यान शिकलेली मुले पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गेली. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, अकोट अशा गावांतून मागे राहिलेली म्हातारी जोडपी एकमेकांना सांभाळून दिवस काढीत असतात, आणि त्यांतील एक कोसळले की दुसऱ्याला रुग्णालयाची वाट धरावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जन्मभर खारट पाणी पिऊन म्हातारे झालेले लोक मूत्रपिंडाच्या तक्रारी घेऊन येतात. कापसाच्या वावरात आयुष्य वाकून गेलेल्या स्त्रिया मोडलेले खुबे घेऊन येतात. शिवाय हा रुग्ण एका रोगाचा नसतो. मधुमेह, रक्तदाब, मोतीबिंदू, बहिरेपणा, अर्धांगवायू यांपैकी दोन-तीन तरी त्याच्या सोबतीला असतातच.

तरुण रुग्णाची शुश्रूषा आणि वृद्ध रुग्णाची शुश्रूषा यांत केवळ प्रमाणाचा फरक नाही, प्रकाराचा आहे. तरुणाला सलाइन लावली की तो पडून राहतो. स्मृतिभ्रंश झालेला वृद्ध रात्री दोन वाजता तीच सुई उपसून काढतो, लघवीची नळी ओढतो आणि बैल सोडायचे राहिले म्हणून खाटेवरून उतरून चालू लागतो. दिवसभर समजूतदारपणे बोलणारा माणूस दिवेलागणीनंतर भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो, हा अशा कक्षांतील नित्याचा अनुभव आहे. त्याला घास भरवताना घाई चालत नाही. अन्न श्वासनलिकेत गेले तर त्यातून न्यूमोनिया उद्भवतो. त्याची शीर सापडत नाही, सापडली तर टिकत नाही. कातडी इतकी नाजूक झालेली असते की चिकटपट्टी काढतानाही जपावे लागते. बहिऱ्या रुग्णाला एकच गोष्ट चार वेळा मोठ्याने सांगावी लागते, आणि मोठ्याने सांगितले की सिस्टर खेकसते अशी तक्रार शेजारच्या खाटेवरून होते.

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी हा शुश्रूषेचा जुना नियम आहे. तो न पाळल्यास कंबरेवर, टाचांवर, खुब्यांवर जखमा होतात, त्या चिघळतात आणि मूळ रोगातून वाचलेला माणूस त्या जखमांनी जातो. अनेक रुग्णालयांत रात्रपाळी रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची असते. कक्षात असे दहा रुग्ण असले तर प्रत्येकाची सहा वेळा, म्हणजे एकूण साठ वेळा कूस बदलावी लागेल. एका वेळेस पाच मिनिटे धरली तर तीनशे मिनिटे, म्हणजे पाच तास झाले. आणि हे काम एकट्याने करावयाचे नसते, त्याला दोन माणसे लागतात. उरलेल्या सात तासांत तीस रुग्णांची औषधे, इंजेक्शने, सलाइनच्या बाटल्या, रक्तदाब व तापाच्या नोंदी, रात्री येणारे नवे रुग्ण, प्राणवायूची देखरेख, डॉक्टरांना बोलावणे आणि नोंदवह्या ही सारी कामे उरकायची. हा हिशेब कागदावरचा झाला. प्रत्यक्षात कूस बदलायला गेले की अंथरूण ओले सापडते आणि पाच मिनिटांची पंधरा मिनिटे होतात. त्यातच एखादा मृत्यू झाला, तर त्याचे सोपस्कार आणि नातेवाइकांचा आक्रोश यांत घटका दोन घटका जातात आणि बाकीच्यांच्या कुशी बदलावयाच्या राहून जातात. त्या राहिल्या हे तिला ठाऊक असते. कामाचा थकवा झोपेने उतरतो; जे करायला हवे होते ते राहिले, ही टोचणी घरी सोबत येते.

परिचारिका किती असाव्यात याचे नियम देशात नाहीत असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण अध्यापन रुग्णालयांसाठी तीन खाटांमागे एक आणि इतर सामान्य रुग्णालयांसाठी पाच खाटांमागे एक परिचारिका असे आहे. त्याखेरीज रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा पदे धरावयाची आहेत. हे आकडे वाचून सामान्य वाचकाची समजूत अशी होते की एका परिचारिकेसमोर पाचच रुग्ण असतात. वस्तुस्थिती तशी नाही. हा हिशेब तिन्ही पाळ्यांचा मिळून आहे. म्हणजे सामान्य रुग्णालयात नियम तंतोतंत पाळला गेला तरी एका पाळीत एकीच्या वाट्याला पंधरा रुग्ण येतात. तीस खाटांच्या कक्षात पाळीला दोघी, हा झाला आदर्श. त्यांतील एक पद रिक्त असले, किंवा भरलेल्या पदावरील परिचारिका बाळंतपणाच्या रजेवर असून रजाराखीव पद अस्तित्वातच नसले, की उरते एक. खाटा संपल्यावर रुग्ण जमिनीवरील गादीवर घेतले जातात. ते माणुसकीला धरूनच असते, परंतु जमिनीवरची गादी ही खाट नसल्यामुळे पदांच्या हिशेबात ती धरली जात नाही.

याहून मोठा दोष असा की हा सर्व हिशेब खाटांचा आहे. हात मोडलेला वीस वर्षांचा विद्यार्थी ही एक खाट, आणि अर्धांगवायूने बोलणे गेलेली ऐंशी वर्षांची आजी हीसुद्धा एकच खाट. पहिला स्वतः उठून नळावर तोंड धुऊन येतो; दुसरीचे सारे देहधर्म दुसऱ्याच्या हातून व्हावयाचे असतात. रुग्णाच्या परावलंबनाचे माप घेऊन त्यानुसार मनुष्यबळ ठरविण्याच्या पद्धती अनेक देशांत रूढ झाल्या आहेत. त्या आपल्याकडे येईपर्यंत वृद्धांचा कक्ष आणि तरुणांचा कक्ष एकाच तागडीत तोलले जाणार.

परिचारिकांची संख्या आणि रुग्णांचे जगणे-मरणे यांचा संबंध भावनेचा नाही, मोजून पाहिलेला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निष्कर्ष मांडला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या बाबतीत प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, आणि खुद्द परिचारिका कामाने आतून विझून जाण्याची शक्यता तेवीस टक्क्यांनी. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्येच कायदा करून कक्षवार प्रमाण बांधून द्यावयाचे ठरविले आणि २००४ पासून ते अमलात आणले. तेथे प्रमाण मोडणे हा कायद्याचा भंग ठरतो. आपल्याकडे परिषदेचे प्रमाण ही एक शिफारस म्हणून फायलीत पडून असते.

सरकारी नोकरी आहे, वेतन आयोग आहे, निवृत्तीनंतरची सोय आहे, मग रडगाणे कशाचे, असा प्रश्न या ठिकाणी अनेकांच्या मनात येईल. शिक्षकांच्या आणि कारकुनांच्याही येईल. त्याचे उत्तर त्यांच्याच अनुभवातून मिळण्यासारखे आहे. साठ मुलांच्या वर्गाने मास्तर थकतात, पण त्यांना ती मुले उचलावी लागत नाहीत आणि घंटा झाली की वर्ग सुटतो. कारकुनाच्या टेबलावरची फाईल उद्यापर्यंत थांबते. तहानलेला वृद्ध थांबू शकत नाही. शिवाय ज्या नोकरीचे हे वर्णन आहे ती सर्वांना लाभते असेही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटावर घेतलेली परिचारिका तोच पोशाख घालते, तीच रात्रपाळी करते आणि तिच्या नियुक्तिपत्राची मुदत मात्र महिन्यांत मोजलेली असते. खाजगी रुग्णालयांतील स्थिती याहून बरी आहे असे म्हणण्याचे धाडस ती जवळून पाहणारा कोणी करणार नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्यभरातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा बाह्य संस्थांमार्फत भरती करण्यास विरोध हा त्यांचा प्रमुख मुद्दा होता. वृत्तपत्रांतून खोळंबलेल्या शस्त्रक्रियांची चर्चा बरीच झाली. तुकड्यातुकड्यांनी बदलणाऱ्या कंत्राटी मनुष्यबळाच्या हातून दीर्घ शुश्रूषा कशी व्हावी, हा त्या संपामागील खरा प्रश्न होता. भ्रमिष्ट वृद्धाला औषधापेक्षा ओळखीचा चेहरा अधिक शांत करतो, हे वृद्धांच्या शुश्रूषेचे पहिले सूत्र आहे, आणि चेहरा ओळखीचा होण्यास काळ लागतो.

परिचारिकेच्या ताणाचा आणखी एक स्रोत रुग्णाच्या घरातून येतो. आपल्या रुग्णालयांची सारी व्यवस्था नातेवाईक सोबत असेल असे गृहीत धरून चालते. चहा आणणे, औषध बाहेरून आणणे, संडासला नेणे, रात्री जागणे ही कामे आप्तांनी करावयाची, हा अलिखित करार आहे. गाडगेबाबांच्या नावाने मुंबईत दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्णांसोबत त्यांचे आप्तही राहतात, त्यामागे हीच जाणीव आहे. परंतु आप्तच नसलेल्या वृद्धाचे काय? काही जणांना रुग्णालयात भरती करून मुले निघून जातात, दिलेला दूरध्वनी क्रमांक लागत नाही. प्रकृती सुधारते, घरी सोडण्याचा कागद तयार होतो आणि न्यायला कोणी येत नाही. मग तो कक्षच त्याचे घर बनतो आणि तेथील परिचारिका, कोणी न विचारताच, त्याची लेक ठरते. तिने पदरच्या पैशाने बिस्किटाचा पुडा आणावा, घरून जुनी साडी आणून द्यावी, हे इतके सर्रास घडते की त्यात कोणाला विशेष वाटत नाही. विशेष वाटावे असे आहे ते दुसरेच: २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने वृद्धाला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचा गुन्हा ठरविला आहे, आणि त्याच कायद्याच्या विसाव्या कलमाने सरकारी रुग्णालयांत वृद्धांना शक्य तोवर खाटा, वेगळ्या रांगा आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराची सोय देण्याचे बंधन राज्यावर घातले आहे. कुटुंबाचे कर्तव्य आणि राज्याचे कर्तव्य ही दोन्ही कलमे जेथे अपुरी पडतात तेथे ती बाई उभी असते. कुटुंबांनी टाकलेल्या कुष्ठरुग्णांना डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात आसरा दिला, तेव्हा तेथे निदान ते काम तसे आहे असे मान्य करून संस्था उभी राहिली होती. सरकारी रुग्णालयातील कक्षाला नकळत वृद्धाश्रम केले जाते आणि त्याची नोंदही होत नाही.

मेळघाटातून येणाऱ्यांची स्थिती आणखी निराळी. धारणीहून अमरावतीचे अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. कोरकू बोलणाऱ्या म्हातारीला कोठे दुखते हे सांगता येत नाही आणि परिचारिकेला ते विचारता येत नाही. खुणा, दोन-चार पाठ केलेले शब्द आणि शेजारच्या खाटेवर सुदैवाने कोणी दुभाषी मिळालाच तर तो, एवढ्यावर उपचार पुढे सरकतात.

आता परिचारिकांविषयीच्या तक्रारींचा विचार केला पाहिजे, कारण त्या सर्वच खोट्या नाहीत. वृद्धांवर ओरडणे, हाकेला ओ न देणे, अंथरूण ओले केले म्हणून टोचून बोलणे हे प्रकार घडतात आणि त्यांचे समर्थन होऊ शकत नाही. असहाय माणसाचा अपमान हा कोणत्याही कारणाने झाला तरी अपमानच आहे. परंतु तो स्वभावाच्या खोडीतून होतो की आणखी कशातून, हे पाहणे भाग आहे. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक विदुषीने लंडनच्या एका अध्यापन रुग्णालयातील परिचर्येचा अभ्यास करून १९६० मध्ये एक विलक्षण निरीक्षण मांडले. वेदना आणि मृत्यू यांच्या नित्य सान्निध्यातून उत्पन्न होणाऱ्या धास्तीपासून स्वतःला वाचविण्यासाठी तेथील व्यवस्थेने अशी रीत घालून घेतली होती की कोणतीही परिचारिका कोणत्याही रुग्णाच्या फार जवळ जाऊ नये. कामाचे तुकडे पाडावयाचे, एकीने सर्वांचा ताप पाहायचा, दुसरीने सर्वांची अंथरुणे बदलायची, आणि रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने वा रोगाच्या नावाने ओळखायचे. मेन्झीसचा निष्कर्ष असा की या कवचाने धास्ती कमी होत नाही. उलट कामातील समाधान तेवढे जाते आणि चांगल्या मुली ते काम सोडून जातात. 'चौदा नंबरचा अर्धांगवायू' हे शब्द आपल्याकडील कोणत्या कक्षात ऐकू येत नाहीत?

पुढे १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर यांनी या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव दिले आणि १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी तिचे माप घेण्याची पद्धत बसविली. भावना आटून जाणे, समोरचा माणूस वस्तूसारखा वाटू लागणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे, ही तिची तीन अंगे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तिचा समावेश आहे, पण रोग म्हणून नव्हे. नोकरीच्या जागी उद्भवणारी घटना म्हणून. हा फरक शब्दच्छल नाही. तो रोग असता तर उपचार परिचारिकेवर करावयाचे होते. ती नोकरीतून उद्भवणारी गोष्ट असेल तर उपचार नोकरीवर करावे लागतील. आपल्याकडे मात्र ताणमुक्तीची शिबिरे भरतात, प्राणायाम शिकविला जातो, आणि त्या शिबिराला हजर राहण्यासाठी रात्रपाळी करून घरी निघालेल्या बाईला दोन तास थांबवून ठेवले जाते.

परिचारिकांनी दीर्घ शुश्रूषा कशी करावी याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या तेथेच जवळजवळ निश्चेष्ट होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या. निवृत्त होणाऱ्यांनी नव्याने येणाऱ्यांच्या हाती अरुणाला सोपविले. इतक्या वर्षांत तिला अंथरुणाची एकही जखम होऊ दिली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली. या कथेवर महाराष्ट्राने अश्रू ढाळले, त्यागाचे गोडवे गायिले. पण दोन गोष्टी त्या गोडव्यांत वाहून गेल्या. ती परिचारिका कामाच्या जागी, तळघरात कपडे बदलत असताना, सुरक्षित नव्हती, ही पहिली. आणि दुसरी ही की एका रुग्णाभोवती सारे रुग्णालय उभे राहिले म्हणून ती शुश्रूषा शक्य झाली. अशी निष्ठा एकटीने तीस जणांना वाटावी अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी त्या कथेतून काहीच घेतलेले नाही.

जबाबदारी मात्र एकटीच्या माथी येते. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आग लागून कोरोनाचे अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच ज्यांना अटक झाली त्यांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. कोणाचा दोष किती हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु आग विझविण्याची यंत्रणा, विजेची जोडणी, इमारतीची तपासणी यांपैकी काहीच परिचारिकेच्या अखत्यारीत नसते, हे सांगण्यास न्यायालयाची आवश्यकता नाही. त्या बातमीने राज्यातील प्रत्येक परिचारिकेला आपल्या जागेची किंमत कळली. नातेवाइकांच्या मारहाणीविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. पण रात्री अडीच वाजता संतप्त जमाव दारात आला असता कायद्याचे पुस्तक कक्षात नसते, पहारेकरी असला तर असतो.

संकटाच्या काळात वऱ्हाडातील परिचारिकांची कसोटी अनेकदा लागली आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात इतरत्र येण्यापूर्वी अमरावतीत उसळली, २२ फेब्रुवारीपासून अमरावती व अचलपूर शहरांत टाळेबंदी लावावी लागली. त्या कक्षांतून सर्वाधिक काळजी वृद्धांचीच होती. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उष्म्यासाठी जमावबंदीचे कलम लावावे लागले. उन्हाळ्यात वऱ्हाडातील म्हातारी माणसे उष्माघाताने येतात, ती सर्व एकाच आठवड्यात येतात. रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावरील पत्र्याखालचे कक्ष त्या दिवसांत रुग्णाला जेवढे तापतात तेवढेच परिचारिकेलाही.

आणि तिचे घर? चाळिशी-पंचेचाळिशीतील परिचारिकेच्या घरी बहुधा दहावी-बारावीतील मूल असते आणि सासू किंवा आई अंथरुणाला असते. दिवसभर इतरांच्या वृद्धांची कूस बदलून ती घरी येते आणि घरच्या वृद्धाची कूस बदलते. तिच्या पाठीचा मणका याचा हिशेब ठेवतो. ज्या घरांना शक्य आहे ती घरे 'ब्युरो'कडून बारा किंवा चोवीस तासांची बाई ठेवतात. अमरावती-अकोल्यात हा व्यवसाय वाढतो आहे. त्या बायकांना प्रशिक्षण नाही, नोंदणी नाही, सुटीचा दिवस ठरलेला नाही, आणि त्यांच्या ताणाबद्दल तर अजून कोणी बोलावयासही लागलेले नाही.

या परिस्थितीत तरुण मुली काय करतील? २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. जर्मनीतील वृद्धांची शुश्रूषा करावयास तेथील मुली पुरत नाहीत, म्हणून आपल्या मुलींना जर्मन भाषा शिकविण्याची योजना आखली गेली. जाणाऱ्या मुलींना कोणी दोष देऊ नये. तेथे त्यांना पगार मिळेल आणि पाळी संपली की घरी जाता येईल. प्रश्न इतकाच की ज्या शासनाला परदेशातील वृद्धांसाठी परिचारिका मोजता आल्या, त्याला दर्यापूरच्या वृद्धांसाठी त्या का मोजता येऊ नयेत.

पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर येथेही दिले जाईल. पण ज्या गोष्टी तातडीने हव्यात त्या सर्वच खर्चिक नाहीत. रजाराखीव पदे कागदावर न ठेवता भरणे, रात्रपाळीला कोणत्याही कक्षात एकटी परिचारिका न ठेवणे आणि तिच्यासोबत कूस बदलण्यापुरता तरी एक प्रशिक्षित कक्षसेवक देणे, नोंदवह्यांचे काम लिपिकाकडे सोपविणे, घरी न नेलेल्या वृद्धाची जबाबदारी पहिल्या आठवड्यातच समाजसेवा अधीक्षकाने परिचारिकेकडून काढून घेणे: यांतील निम्म्या गोष्टींना मंत्रालयाची परवानगीही लागणार नाही. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या स्वतंत्र कक्षाची आणि तेथे निराळ्या कर्मचाऱ्यांची तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे. परंतु जिल्ह्यातील वृद्ध दहा खाटांत मावत नाहीत. ते औषधवैद्यकाच्या कक्षात आणि अस्थिरोगाच्या कक्षात पडलेले असतात, तेथील परिचारिकेला त्या तरतुदीचा स्पर्शही होत नाही.

एक गोष्ट मात्र पैशाची आहे आणि ती आताच ठरावयाची आहे. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून चालू आहे आणि तेथील सर्वोपचार रुग्णालय हे अध्यापन रुग्णालय आहे. अमरावतीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळावयास २०२४ उजाडले, आणि जिल्हा सामान्य रुग्णालयाच्याच आधाराने ते सुरू झाले. विद्यार्थ्यांच्या शंभर जागा, प्राध्यापकांची पदे, जागेचा वाद, नवी इमारत यांवर अमरावतीकरांनी पुष्कळ चर्चा केली. परिचर्या परिषदेच्या नियमानुसार अध्यापन रुग्णालयाचे प्रमाण पाच खाटांमागे एक नसून तीन खाटांमागे एक आहे. म्हणजे ज्या दिवशी त्या इमारतीत पहिला विद्यार्थी शिकावयास आला, त्या दिवशी तीस खाटांच्या कक्षाचा हक्क सहा परिचारिकांवरून दहा परिचारिकांवर गेला, रजाराखीव पदे वेगळी. त्या चार पदांचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे, याची विचारणा जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी येत्या अधिवेशनात करावी.